निळ्या ड्रेसला जास्त गुण मिळतात का?

पत्राचा सारांश: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. त्यांची तेरा वर्षांची मुलगी सहाव्या वर्षापासून बर्फावर फिगर स्केटिंग करते. गेल्या दोन स्पर्धांत ती चौथी आणि पाचवी आली. दोन्ही वेळा पहिल्या आलेल्या मुलीचा ड्रेस फिकट निळा होता. रिंकवरच्या एका जुन्याजाणत्या पालक बाईंनी त्यांना सांगितलं, की परीक्षकांना निळा आणि फिकट रंग भावतो, लाल रंग अंगावर येतो, आणि सावळ्या मुलीने तर फिकटच घालावा म्हणजे चेहरा उजळ दिसतो. मुलीने यंदा ढोलकी आणि हार्मोनियमवरची, लावणीच्या ठेक्याची वाद्यरचना निवडली आहे आणि तिला गडद डाळिंबी ड्रेस हवा आहे. कोच म्हणतात, तुम्हाला आवडेल तो रंग घ्या. नवऱ्याला ही सगळी चर्चाच निरर्थक वाटते. साताऱ्याहून सासूबाईंनी आपली जुनी पैठणी पाठवली आहे, तिचा पदर ड्रेसला लावावा म्हणून. शिवणाऱ्या बाई रंग पक्का करा म्हणून मागे लागल्या आहेत. आई विचारतात: रंगामुळे खरंच गुण कमी-जास्त होतात का? होत असतील तर मुलीची आवड बाजूला ठेवून निळा घ्यावा का? सासूबाईंना काय सांगावं? आणि सावळ्या रंगाचा तोटा होतो, हे मुलीला सांगावं का?

ताई, शिवणाऱ्या बाई थांबल्या आहेत म्हणून आधी उत्तर सांगून टाकते: मुलीला डाळिंबी घेऊ द्या. का, ते सांगायला मात्र मला वेळ लागेल. तुमच्या पत्रात बरेच प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, आणि जो तुम्ही सगळ्यात शेवटी, एका ओळीत उरकला आहे, तोच मला सगळ्यात मोठा वाटतो.

निळ्या रंगाची गोष्ट त्या पालक बाईंच्या मनची नाही. ती या खेळात बरीच वर्षं फिरते आहे. १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये तारा लिपिन्स्कीने निळ्या ड्रेसमध्ये सुवर्णपदक जिंकलं. २००६ मध्ये तुरिनला शिझुका अराकावाने निळ्यातच जिंकलं, आणि २०१० मध्ये व्हँकुव्हरला युना किमनेही. किमच्या मागे रौप्य मिळवणाऱ्या माओ असादाचा ड्रेस लाल-काळा होता. एवढं पाहिल्यावर लोक बोलणारच. पण याच यादीत थोडं मागेपुढे जाऊन बघा. १९९२ ला क्रिस्टी यामागुची काळ्या-सोनेरी ड्रेसमध्ये जिंकली, १९९४ ला ओक्साना बायूल गुलाबीत, २००२ ला सारा ह्यूज जांभळटात, २०१८ ला अलिना झागितोवा चक्क लाल ड्रेसमध्ये. व्हँकुव्हरला किमचे एकूण गुण होते २२८.५६ आणि असादाचे २०५.५०. तेवीस गुणांचं अंतर कुठल्याही कापडाने पडत नाही. ते उड्यांमधून, गिरक्यांमधून आणि बर्फावरच्या वेगातून पडतं.

शिवाय निळा ड्रेस घालून बाराव्या आणि विसाव्या आलेल्या मुली कोणी मोजत नाही. निळा या खेळात मुळातच खूप घातला जातो, त्यामुळे जिंकणाऱ्यांतही तो दिसतो आणि हरणाऱ्यांतही. तुमच्या त्या दोन स्पर्धांचे व्हिडिओ असतील तर एकदा शांतपणे बघा. गटातल्या किती मुली निळ्यात होत्या, आणि त्यातल्या पहिलीला सोडून बाकीच्या कितव्या आल्या? एवढं केलंत तरी मनातली निम्मी गाठ सुटेल.

तरीही 'रंगाचा काही संबंधच नाही' असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. माणसाच्या नजरेवर रंगाचा परिणाम होतो आणि खेळातल्या निर्णयांवरही होऊ शकतो, यावर गंभीरपणे काम झालेलं आहे. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या हिल आणि बार्टन या संशोधकांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधले बॉक्सिंग, तायक्वांदो आणि कुस्तीचे सामने तपासले. तिथे लाल की निळा हे खेळाडू ठरवत नाही, तो रंग त्याला नेमून दिला जातो. लाल पोशाखातले खेळाडू निम्म्याहून थोडे अधिक सामने जिंकले होते, साधारण ५५ टक्के. पुढे २००८ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी आणखी नेमका प्रयोग केला. तायक्वांदोच्या ४२ अनुभवी पंचांना त्यांनी लढतींच्या चित्रफिती दाखवल्या आणि त्याच लढती संगणकावर रंगांची अदलाबदल करून पुन्हा दाखवल्या. खेळ तोच, खेळाडू तोच, फक्त रंग बदललेला. लाल रंगातल्या खेळाडूला पंचांनी सरासरी १३ टक्के जास्त गुण दिले.

म्हणजे पंचांच्या नजरेवर जो गाजलेला प्रयोग झाला, तो लाल रंगाच्या बाजूने बोलतो. तुम्हाला मिळालेल्या सल्ल्याच्या अगदी उलट. पण हे वाचून लगेच 'मग लालच घेऊ' असं ठरवू नका. नंतर अनेक वर्षांच्या मोठ्या स्पर्धा एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा लाल रंगाचा हा फायदा टिकलेला दिसला नाही. आणि तायक्वांदोत दोघं समोरासमोर असतात, ठोसा लागला की नाही हे पापणी लवायच्या आत ठरवायचं असतं. तुमची मुलगी बर्फावर एकटी असते. तिचा रंग संगीताबरोबर, कार्यक्रमाबरोबर आणि तिच्या आवडीबरोबर निवडलेला असतो. ज्या मुलीकडे उत्तम कोच आणि नृत्यरचनाकार असतात, तिचा ड्रेसही सहसा विचारपूर्वक केलेला असतो. तिला चांगले गुण मिळाले तर त्यातला रंगाचा वाटा वेगळा काढायचा कसा?

आता गुण मुळात येतात कुठून ते पाहू. हे तुम्हाला ठाऊक असेल, पण असे प्रश्न विचारणारे इतर पालकही वाचत आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेच्या निकालावरून मोठा गदारोळ झाला. फ्रेंच परीक्षिकेवर दबाव आल्याचं प्रकरण उघड झालं आणि शेवटी दोन जोड्यांना सुवर्ण द्यावं लागलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने सहा गुणांची जुनी पद्धत मोडीत काढून आजची पद्धत आणली. आता तंत्राचं वेगळं पथक असतं. मुलीने कोणती उडी मारली, हवेतली फिरकी पूर्ण झाली का, उडी पात्याच्या बरोबर कडेवरून घेतली का, हे ते ठरवतं, आणि मोठ्या स्पर्धांत त्यासाठी रिप्ले पाहतं. प्रत्येक उडीची मूळ किंमत ठरलेली असते. परीक्षक त्या उडीच्या दर्जाला उणे ५ ते अधिक ५ देतात. त्याशिवाय संपूर्ण कार्यक्रमाला रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य अशा तीन बाबींत गुण मिळतात. २०२२ पर्यंत या पाच बाबी होत्या. या तिन्हींच्या निकषांत बर्फाचा वापर, हालचालींतलं वैविध्य, संगीताची जाण, कडांची स्पष्टता, वेग, समतोल हे सगळं आहे. ड्रेसचा उल्लेख कुठेच नाही.

आता एक छोटा हिशेब करू. समजा पाच परीक्षक आहेत. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळून उरलेल्या तिघांची सरासरी काढतात. त्या तिघांतल्या एकाला ड्रेसचा रंग मनापासून आवडला आणि नकळत त्याने सादरीकरणाला पाव गुण जास्त दिला, तर सरासरी वाढते ०.०८ ने. त्या गटात गुणक २ असेल तर हाती येतात ०.१७ गुण. आता दुसरीकडे बघा. डबल लुट्झ, म्हणजे हवेत दोन फेऱ्या घ्यायच्या एका उडीची मूळ किंमत २.१. फिरकी पाव फेरीपेक्षा जास्त कमी पडली, की तिचे ८० टक्केच, म्हणजे १.६८ धरतात. अर्धी किंवा त्याहून जास्त कमी पडली, तर ती सिंगलच मानून ०.६ देतात. एका उडीत दीड गुण गेला, आणि अशा अपुऱ्या उडीवर परीक्षक दर्जाचे गुणही कापतात ते वेगळंच.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की रंगाचा विचार करण्याआधी त्या दोन स्पर्धांचे प्रोटोकॉल उघडा. प्रोटोकॉल म्हणजे स्पर्धेनंतर मिळणारा प्रत्येक उडी-गिरकीच्या गुणांचा तक्ता. कोचबरोबर बसून त्यावरच्या खुणा बघा. उडीच्या नावापुढे बाणाच्या टोकासारखी '<' खूण असेल तर फिरकी कमी पडली आहे. 'ई' हे अक्षर असेल तर उडी चुकीच्या कडेवरून घेतली आहे. लुट्झ बाहेरच्या कडेवरून घ्यायची असते, आणि बऱ्याच मुली ऐन वेळी आतल्या कडेवर झुकतात. पहिल्या आलेल्या मुलीचा तक्ताही शेजारी ठेवा. फरक नेमका कुठे पडला, उड्यांमध्ये, गिरक्यांच्या पातळीत की त्या तीन बाबींत, हे अर्ध्या तासात स्पष्ट होईल. फरक उड्यांमध्ये असेल तर ड्रेसचा विषय तिथेच संपतो. सादरीकरणात असेल तर मात्र पुढचं वाचा, कारण तिथे ड्रेसचा थोडा हात लागू शकतो.

तो हात आहे दिसण्याचा. परीक्षक रिंकच्या लांब बाजूला बसतात. अमेरिकेतला रिंक साधारण २६ मीटर रुंद असतो, आणि मुलगी पलीकडच्या कठड्याजवळ असते तेव्हा ती त्यांना बरीच लहान दिसते. खाली पांढरंशुभ्र बर्फ, वर पांढरे दिवे, मागे पांढरा कठडा. अशा जागी अगदी फिकट रंग विरून जातो. कंबरेची रेषा, पाठीचा ताठपणा, फिरकीतला खांद्यांचा आकार नजरेला पकडता येत नाही. गडद रंगात शरीराची रेषा उठून दिसते. मुलीची ठेवण चांगली असेल तर हा फायदाच आहे. पण पाठ वाकत असेल तर तेही स्पष्ट दिसतं, हे लक्षात ठेवा.

डाळिंबी रंगात एकच धोका आहे. मखमली कापड घेतलंत तर ते प्रकाश पिऊन टाकतं. दुकानात सुंदर डाळिंबी वाटलेली मखमल रिंकच्या दिव्यांत लांबून काळीच दिसते, आणि मग मुलीने एवढ्या हौसेने निवडलेला रंग परीक्षकांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून तिच्या मनातल्या छटेपेक्षा एक पायरी उजळ डाळिंबी घ्या, किंवा चमक असलेलं ताणाचं कापड घ्या. शिवायला टाकण्याआधी दोन-तीन नमुन्यांचे मोठे तुकडे आणून सरावाच्या वेळी तिच्या जॅकेटवर टाचा. परीक्षक बसतात त्या बाजूने फोनवर व्हिडिओ घ्या. तोच व्हिडिओ एकदा कृष्णधवल करून बघा. रंग काढून टाकल्यावरही ती बर्फापासून वेगळी दिसत असेल तर कापड योग्य आहे. यात एक पैसा जास्त जात नाही, आणि कुणाच्या मताची गरजही उरत नाही.

संगीताचं सांगायचं तर, महासंघाचे नियम म्हणतात की पोशाख सभ्य आणि खेळाला साजेसा असावा, भडक किंवा नाटकी नसावा, पण संगीताचा स्वभाव त्यातून दिसायला हरकत नाही. ढोलकीच्या ठेक्यावर फिकट निळा ड्रेस घालून उतरणारी मुलगी मला डोळ्यांसमोर आणून बघताना खटकते. ढोलकीला ऊब आहे, तिच्या थापेत एक ठसका आहे, आणि लावणीच्या नऊवारीचे रंग आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेले आहेत. अमेरिकी परीक्षकांना ढोलकी माहीत नसेलही, पण ऐकू येणारं आणि दिसणारं एकाच दिशेने जातंय की दोन दिशांना, हे त्यांना कळतं. भारतीय संगीत त्यांना परकं वाटेल अशी भीती तर बाळगूच नका. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकी जोडीने बर्फावरच्या नृत्यात हिंदी चित्रपटगीतांवर एक फेरी केली होती, आणि त्या स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळालं.

आता त्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. त्याच्या मुळाशी त्या पालक बाईंचं हे वाक्य आहे: 'सावळ्या मुलीने फिकट घालावा म्हणजे चेहरा उजळ दिसतो.' ताई, हे वाक्य त्या बाईंनी उच्चारलं असेल, पण तुम्ही ते पत्रात जसंच्या तसं उतरवलंत आणि त्यावर प्रश्न उभा केला नाहीत, म्हणून विचारते: मुलीने उजळ दिसावं ही अट नेमकी कोणाची? नियमपुस्तकात ती नाही, निकषांत नाही, प्रोटोकॉलमध्ये तिचा रकाना नाही. ती आपल्या घरांतून येते. 'गोरी, सुस्वरूप' अशा जाहिराती वाचत आपण मोठ्या झालो, बाळ जन्मलं की पहिला प्रश्न रंगाचा ऐकत आलो. तीच अट आता एका मुलीच्या खेळाच्या ड्रेसवर येऊन बसली आहे, आणि तिला परीक्षकांचं नाव मिळालं आहे म्हणून ती ओळखू येत नाही. फिकट रंगाने सावळी त्वचा उजळ दिसते हेही सरसकट खरं नाही. सावळ्या अंगावर डाळिंबी, मोरपंखी, हळदी, जांभळा हे रंग किती खुलतात हे आपल्याकडच्या साड्यांच्या दुकानांत कोणीही सांगेल.

याचा अर्थ या खेळात वर्णाचा प्रश्न नाही असा अजिबात नाही. मेबल फेअरबँक्स या कृष्णवर्णीय स्केटरला १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रिंकवर पाय ठेवायला मिळत नव्हता. पुढे त्या नामवंत कोच झाल्या आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या फिगर स्केटिंगच्या सन्मान-दालनात त्यांचा समावेश झाला. डेबी थॉमस १९८६ मध्ये जगज्जेती झाली आणि १९८८ मध्ये हिवाळी ऑलिंपिकचं पदक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. फ्रान्सची सूर्या बोनाली १९९३ पासून सलग तीन वर्षं जागतिक स्पर्धेत दुसरी आली, आणि तिच्या शरीराविषयी, दिसण्याविषयी काय काय बोललं गेलं ते आज वाचतानाही त्रास होतो. परीक्षक माणसं आहेत, त्यांचा कल असतो. आपल्या देशाच्या खेळाडूला जास्त गुण देणं, आधीपासून नाव माहीत असलेल्या खेळाडूला झुकतं माप देणं, नंतरच्या क्रमांकावर उतरणाऱ्याला जास्त गुण मिळणं, हे सगळं या खेळाच्या अभ्यासांत दिसून आलं आहे.

पण या कलांवरचा इलाज ड्रेसमध्ये नाही. समजा एखाद्या परीक्षकाच्या मनात तुमच्या मुलीच्या वर्णाबद्दल अढी आहे. फिकट निळ्या ड्रेसमुळे ती जाणार आहे का? परीक्षक आहे तिथेच राहील, आणि मुलीला मात्र तुमच्याकडून एक गोष्ट कळेल, की तिच्या अंगाचा रंग ही झाकायची गोष्ट आहे. तेरा वर्षांच्या मुलीच्या मनात हे एकदा बसलं, की ते ड्रेसपुरतं राहत नाही.

अढीचा खरोखर संशय येत असेल तर करण्याजोग्या गोष्टी वेगळ्या आहेत. संपूर्ण हंगामाचे प्रोटोकॉल जपून ठेवा. एकच परीक्षक सातत्याने इतरांपेक्षा खाली जातोय का ते कोचबरोबर बघा. तसं दिसलं तर कोच रेफरीशी बोलू शकतात, आणि ते बोलणं आकडे हातात घेऊन करता येतं. नाव माहीत असण्याचा फायदा होतो म्हणतात, तर तो तुमच्या मुलीलाही मिळू द्या. बऱ्याच क्लबांत स्पर्धेआधी परीक्षकांना बोलावून मुलांचे कार्यक्रम दाखवतात आणि अभिप्राय घेतात. तुमच्या क्लबात असं होतं का ते विचारा, होत असेल तर तिला पाठवा, आणि अभिप्राय तिने स्वतः वहीत लिहून घ्यावा.

वर्ण आणि ड्रेस यांची खरी गाठ पडते ती जाळीच्या कापडापाशी. स्केटिंगच्या ड्रेसला गळ्यापाशी, पाठीला आणि बाह्यांना अंगाच्या रंगाची म्हणून जी जाळी लावतात, ती न सांगता मागवली तर बहुतेक वेळा गोऱ्या त्वचेच्या छटेचीच येते. सावळ्या हातावर ती फिकट पट्ट्यासारखी दिसते, मनगटापाशी हात तुटल्यासारखा वाटतो, आणि लांबलचक हाताची सगळी रेषा वाया जाते. पायांतल्या टाइट्सचंही तेच. शिवणाऱ्या बाईंकडून जाळीच्या गडद छटांचे नमुने मागवा. चेहऱ्याशी जुळवू नका, दंडाच्या आतल्या बाजूशी आणि गळ्याशी जुळवा, आणि ते दिवसाच्या उजेडात करा. नेमकी छटा मिळाली नाही तर फिकट जाळी रंगवून घेता येते. आधी तुकड्यावर करून बघा, कारण ओली असताना ती गडद दिसते. शिवणाऱ्या बाईंकडे रंगाचा आग्रह धरायचाच असेल तर इथे धरा.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी पूर्ण खोडून काढणार नाही. ड्रेसवर शेकडो डॉलर जातात, आणि तेवढ्यात चांगल्या कोचचे काही तास मिळतात. पण त्यांना एवढं सांगा, की प्रश्न निळा की डाळिंबी हा असताना खर्च सारखाच आहे. खर्च कमी करायचा असेल तर खडे कमी लावा. लांबून दिसते ती कापडाची चमक आणि मुलीची रेषा, एकेक खडा दिसत नाही.

मुलीला काय सांगायचं? तिच्यापासून काही लपवू नका, पण तोट्याची भाषाही नको. परीक्षक माणसं असतात, त्यांचा कल असू शकतो, तो आम्ही मोठी माणसं आकड्यांवरून तपासू, हे तिला सांगता येतं. तिच्या वर्णावरून रिंकवर कोणी काही बोललं असेल तर तिला ते आधीच कळलेलं असण्याची शक्यता खूप आहे. मुलं आपल्याआधी ऐकतात. त्यामुळे तुम्ही सांगण्याआधी तिला विचारा, आणि ती बोलत असताना मध्येच समजूत घालू नका. डाळिंबीच का हवा आहे, हेही विचारा. तिच्याकडे उत्तर असेल. संगीत तिने निवडलं, त्याला शोभणारा रंगही तिने सुचवला, यात सादरीकरणाची समज आहे, आणि ती कोचना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

तिथल्या रिंकवर नसलेल्या, पण याच पेचात असलेल्या वाचकांसाठी थोडं. पुण्या-मुंबईत रोलर स्केटिंगच्या कलात्मक प्रकारात, तालबद्ध जिम्नॅस्टिक्समध्ये, शाळांच्या नृत्यस्पर्धांत मुली उतरवणारे पालक मला हेच विचारतात. मैदानाचा आणि मागच्या पडद्याचा रंग आधी बघा, मग कापड घ्या. लाकडी फरशीवर आणि मातकट पडद्यासमोर जे उठून दिसतं ते बर्फापेक्षा वेगळं असतं. मुलीला तोकडा ड्रेस नको असेल तर तिला जबरदस्ती करू नका. फिगर स्केटिंगमध्येही २००४ पासून मुलींना पूर्ण पँट घालून उतरता येतं. आणि मेकअपने मुलीचा वर्ण दोन छटा उजळ करून रंगमंचावर पाठवण्याची जी पद्धत आपल्याकडच्या स्पर्धांत सर्रास दिसते, ती कृपा करून थांबवा. चेहरा एका रंगाचा आणि मान-हात दुसऱ्या रंगाचे, हे परीक्षकांना पहिल्या रांगेतून दिसतं.

राहिली सासूबाईंची पैठणी. पदर कापू नका. रेशीम आणि जरीची तार ताणली जात नाही, आणि स्केटिंगचा ड्रेस चारही बाजूंना ताणला जावा लागतो. उडीत हात वर गेला की शिवण उसवेल, काखेत आणि गळ्यापाशी जरीची तार टोचेल. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पोशाखाचा कुठलाही भाग बर्फावर पडला तर १ गुण कापला जातो, आणि सुटलेला धागा पात्याखाली आला तर मुलगी पडू शकते. याच कारणासाठी केसांत गजरा, सुटी टिकली, बांगड्याही नकोत. सासूबाईंना फोन करून हे सगळं सांगा, आणि सोबत एक काम द्या. पैठणीच्या पदरावरची कोणती नक्षी नातीच्या ड्रेसवर उतरवायची, हे त्यांनी ठरवावं. बांगडी मोर असेल, मुनिया असेल, असावलीची वेल असेल. त्यांनी निवडलेल्या नक्षीचा फोटो काढून शिवणाऱ्या बाईंना द्या. ती ताणाच्या धाग्याने भरून किंवा छोट्या सोनेरी खड्यांनी डाळिंबी कापडावर उतरवता येते. नक्षी तळहाताएवढी ठेवा, एकाच खांद्यावरून खाली येऊ द्या, फार बारीक करू नका, नाहीतर लांबून नुसता ठिपका दिसेल. खडे चिकटवल्यावर गोंद नीट वाळू द्या, आणि स्पर्धेआधी त्या ड्रेसवर पडण्या-उठण्यासकट पूर्ण कार्यक्रमाचे निदान तीन-चार सराव होऊ द्या. काही सुटणार असेल तर ते सरावातच सुटलेलं बरं.